गाणे पाहणारी माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, त्या विषयावर मी वर्षातले तीनशे दिवस बोलतच असतो. येथे मला दुसरे काही बोलू द्या. विषय सांगितला तेव्हा ते थोडे चपापले. युनियनचा माणूस गाण्याच्या चित्रफितींवर काय बोलणार, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. तो आपल्याही काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे.

माझे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि माणसांच्या संगतीत. त्यामुळे कलाशास्त्राची परिभाषा मजजवळ नाही. पण माणसे कशाने जमतात, कशाने थांबतात आणि कशाने पांगतात, हे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. तेवढ्याच भांडवलावर मी आज उभा आहे.

या विषयाकडे मी वळलो तो हौसेने नव्हे. 2019 साली एका औद्योगिक वसाहतीत आम्ही प्रेसमशीनवर काम करणाऱ्या कंत्राटी मुलांची संघटना बांधत होतो. प्रेसमशीन म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणारे यंत्र. त्याला संरक्षक जाळी नसली की, पत्र्याबरोबर बोटही जाते. मी फाटकासमोर रोज तासभर भाषण करी आणि मुले चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये गाणी पाहत बसत. मी चिडे. एके दिवशी त्यांतल्याच एका मुलाने स्वतः गाणे रचले आणि पाळी सुटल्यावर फाटकासमोर सात जणांनी त्यावर नाच करून त्याची चित्रफीत काढली. "काका, हे टाकू का?" असे त्याने मला विचारले. मी म्हटले, "टाक." दोन दिवसांत काही हजार लोकांनी ती पाहिली. माझी सभा शंभरावर कधी गेली नव्हती. मी हरखून गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सातही जणांना फाटकावरच सांगण्यात आले की, उद्यापासून येऊ नका. चेहरे सगळ्यांचे स्वच्छ दिसत होते.

टाक म्हणणारा मी होतो. त्यामुळे ही चित्रे म्हणजे काय वस्तू आहे, ती माणसाला कशी धरते आणि धरून कोठे नेते, हे शिकणे मला भाग पडले. त्या सात जणांचे पुढे काय झाले ते मी शेवटी सांगेन.

इंग्रजीत ज्याला म्युझिक व्हिडिओ म्हणतात त्याला मी आज सोयीसाठी गीतचित्र म्हणतो. गाणे आधी तयार असते आणि त्याच्या मापाने चित्र बेतले जाते, ही त्याची खूण. सिनेमातले गाणे कथेच्या दावणीला बांधलेले असते. गीतचित्राला ती दावण नाही. तीन-चार मिनिटांत त्याला आपला संसार मांडायचा आणि मोडायचा असतो.

हा प्रकार दूरदर्शन संच घरोघरी पोचण्याच्याही आधीचा आहे. अमेरिकेत 1940 साली पॅनोरॅम नावाचे कपाटाएवढे यंत्र निघाले. ते हॉटेलांत, दारूच्या गुत्त्यांत ठेवलेले असे. दहा सेंटांचे नाणे टाकले की, पडद्यावर सुमारे तीन मिनिटांचे गाणे दिसे. ड्यूक एलिंग्टन, फॅट्स वॉलर यांच्यासारखे मोठे कलावंत त्यात दिसले. पण एका रिळात आठ गाणी असत आणि ती ओळीनेच लागत; पुढे जे असेल ते मुकाट्याने पाहायचे. हवे ते गाणे निवडण्याची सोय असलेले स्कोपिटोन नावाचे यंत्र फ्रान्समध्ये 1960 साली आले. म्हणजे प्रेक्षकाला निवडीचा हक्क मिळावयास वीस वर्षे लागली.

नंतर 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही चोवीस तास गीतचित्रे दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिची पहिली चित्रे तबकड्यांच्या कंपन्यांनीच पुरवली, कारण त्यांच्या दृष्टीने ती मालाची जाहिरात होती. हे मी निंदेने सांगत नाही. वासुदेवही दान पावल्यावरच पुढच्या दारी जातो. पण घर जाहिरातीचे म्हटले की, दारावर कोणाला अडवतात हे पाहिले पाहिजे. डेव्हिड बोवी या गोऱ्या इंग्रज गायकाने 1983 साली त्याच वाहिनीवर मुलाखत देताना निवेदकाला सरळ विचारले की, तुमच्याकडे काळे कलावंत इतके थोडे का दिसतात? निवेदकाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनच्या गाण्यांनी ते दार उघडले, आणि मग त्या वाहिनीचेच नशीब फळफळले.

आता या गीतचित्रांच्या तऱ्हा पाहू. विद्वान लोक त्यांची वर्गवारी वेगळी करतील. मी आपल्या मातीतली नावे देतो.

पहिली तऱ्हा बैठकीची. यात गाणारा गातो आणि आपण समोर बसलेले असतो. 1975 साली क्वीन या इंग्रज वाद्यवृंदाने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या सुमारे सहा मिनिटांच्या गाण्याचे चित्र काही तासांत उरकले. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात जाऊन नुसते ओठ हलवण्याची पाळी येऊ नये, हा त्यातला एक हेतू होता. काळोखातून चार चेहरे वर पाहत आहेत, एवढेच दृश्य लोकांच्या डोक्यात बसले. याहून साधे उदाहरण 1990 सालचे आहे. शिनेड ओ'कॉनर या आयरिश गायिकेच्या 'नथिंग कम्पेअर्स टू यू' या गाण्यात बहुतेक वेळ तिचा चेहराच तेवढा आहे. शेवटाकडे तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळते. ते ठरवलेले नव्हते; वारलेल्या आईची आठवण झाली, असे तिने पुढे सांगितले. एका चेहऱ्यासमोर लोक पाच मिनिटे बसले याचे कारण काय? चेहऱ्यावर जे अर्धे लिहिलेले असते ते अर्धे आपण आपल्या दुःखाने भरतो. आईविना वाढलेली मुले प्रत्येक गावात असतात.

दुसरी तऱ्हा वगाची. यात गोष्ट असते. डिसेंबर 1983 मध्ये आलेले 'थ्रिलर' हे तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण. जॉन लँडिस या सिनेमाच्या दिग्दर्शकाने ते केले. गाणे सहा मिनिटांचे असताना चित्र सुमारे चौदा मिनिटांचे झाले. थिएटरात भुताचा सिनेमा पाहून घाबरलेली एक मुलगी, तिच्या बरोबरचा हसरा तरुण, वाटेत कबरींतून उठलेली प्रेते आणि त्यांच्यात जाऊन नाचणारा तोच तरुण, असा तो वग आहे. शेवटी सारे स्वप्न होते असे वाटून आपण सुटकेचा श्वास सोडतो, तोच तो मागे वळून पाहतो आणि त्याचे डोळे पिवळे असतात. चतुर वगकार गोष्टीचे दार असेच किलकिले ठेवतो. 2009 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत या चित्राचा समावेश झाला.

आपल्याकडे 1995 साली अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' याच तऱ्हेने आले. राणी, तिच्यापुढे उभे राहणारे देशोदेशींचे उमेदवार आणि शेवटी मनाला येणारा देशी तरुण. स्वयंवराची जुनी कथा नव्या कपड्यांत आली आणि आपले लोक त्या कपड्यांसकट तिला भुलले. परदेशी माल नुकताच बाजारात शिरू लागला होता, त्या दिवसांत देशी म्हणून मिरवण्याची ती हौस होती. कारखाने बंद पडत असतानाही देशी मालाचे गाणे खपते, ही गंमत मी त्या वेळी पाहिली आहे.

तिसरी तऱ्हा नवलाची. जत्रेत आपण जादूगाराभोवती उभे राहतो, तशी. नॉर्वेच्या आ-हा या वाद्यवृंदाचे 'टेक ऑन मी' हे गाणे 1984 साली आले आणि पडले. पुढच्या वर्षी ते नव्याने ध्वनिमुद्रित केले आणि चित्रही नवे केले. चहाच्या दुकानात बसलेल्या मुलीपुढे चित्रकथेच्या पानातून पेन्सिलीने काढलेला हात बाहेर येतो आणि तिला आत नेतो. माणसांच्या चित्रणावरून हाताने सुमारे तीन हजार रेखाचित्रे काढण्यात कलाकारांचे सोळा आठवडे गेले. ते गाणे मग अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. 1986 सालच्या 'स्लेजहॅमर' या चित्रासाठी पीटर गेब्रियल हा गायक काचेच्या तक्त्याखाली सोळा तास पडून राहिला. एकेक चित्र टिपायचे, वस्तू किंचित हलवायची, पुन्हा टिपायचे, असे ते काम. आपण चार मिनिटे टाळ्या वाजवतो. त्या चार मिनिटांत किती पाळ्या जिरल्या आहेत हे माझ्यासारख्याला आधी दिसते. त्यास माझा इलाज नाही.

नवल करावयास पैसाच लागतो असेही नाही. तुमच्या गाण्यांना प्रेक्षक मिळतात ते मागे नाचणाऱ्या सुंदर मुलींमुळे, अशी टीका दलेर मेहंदी यांच्यावर होत असे. 1998 साली 'तुनक तुनक तुन' करताना त्यांनी त्या मुलींना रजा दिली आणि पडद्यावर चार दलेर मेहंदी उभे करून चौघांनाही नाचवले. टीकेला इतके आनंदी उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही.

चौथी तऱ्हा फेराची. यात प्रेक्षकाने नुसते बसून राहू नये, उठून फेरात यावे अशी योजना असते. 15 ऑगस्ट 1988 रोजी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' प्रथम दिसले. पंडित भीमसेन जोशींच्या स्वरापासून ते निघते आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते. संगीतात आपले अशोक पत्की होते. त्यात थोर गायकांप्रमाणे रस्त्यावरची माणसेही आहेत. आमच्या चाळीत ते लागले की, लहान मुले आपली ओळ कधी येते त्याची वाट पाहत आणि ती येताच ओरडत. दक्षिणेकडचे एक कुटुंब आमच्या मजल्यावर होते. त्यांची ओळ आली की, सगळे त्यांच्या दाराकडे पाहत. एरवी त्यांची भाषा ऐकून मुले हसत असत. त्या अर्ध्या मिनिटापुरती ती हसत नसत.

याच फेराचे जगभर पसरलेले रूप म्हणजे 2012 सालचे कोरियाच्या साय या गायकाचे 'गंगनम स्टाइल'. सोल शहरातल्या श्रीमंत वस्तीची नक्कल करणाऱ्यांची ती टिंगल आहे. शब्द जगाला कळले नाहीत, पण घोड्यावर बसल्यासारखी उडी कोणालाही मारता येते. यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिले गेलेले ते पहिले चित्र ठरले; त्यास सहा महिनेही लागले नाहीत.

मात्र फेरात आलेला प्रत्येक माणूस राजीखुशीने आलेला असतो असे मानू नका. 2007 साली फिलिपीन्समधील सेबू येथील तुरुंगाची एक चित्रफीत जगभर गाजली. नारिंगी कपड्यांतले शेकडो कैदी अंगणात एका तालात 'थ्रिलर'चा नाच करीत होते. ही कवायत तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुरू केली होती. लोक कौतुकाने पाहत होते. मीही पाहिली आणि मलाही मौज वाटली. मग मनात आले, यांतल्या एखाद्याचे आज अंग दुखत असेल तर त्याला 'आज मी नाचत नाही' असे म्हणता येते का? पडद्यावर तालात हलणारे शंभर पाय दिसले की, हा प्रश्न मी आता नेहमी विचारतो. सिनेमाच्या गाण्यात नायकामागे नाचणाऱ्यांबद्दलही विचारतो. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात आणि त्यांची रोजंदारी किती तेही ठाऊक नसते.

पाचवी तऱ्हा सवालाची. तमाशात एका फडाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने जवाब द्यायचा, ही आपली रीत. काही गीतचित्रे सवाल टाकतात आणि जवाबाची जागा आपल्यासाठी मोकळी सोडतात. 2018 साली अमेरिकेत 'धिस इज अमेरिका' हे चित्र आले. गायक डोनाल्ड ग्लोव्हर, दिग्दर्शक हिरो मुराई. एका रिकाम्या गोदामात गायक नाचतो आहे, शाळकरी पोरे त्याच्याबरोबर नाचत आहेत, आणि मागे पळापळ, जाळपोळ, मारामारी चालू आहे. मध्येच तो एका माणसाला गोळी घालतो. पिस्तूल जपून कापडात घेतले जाते; मेलेल्याला मात्र फरफटत नेतात. पहिल्या खेपेस आपण नाच पाहतो. दुसऱ्या खेपेस मागचे पाहतो. तिसऱ्या खेपेस लक्षात येते की, पहिल्या खेपेस आपण काय पाहिले नाही, हाच त्याचा सवाल होता.

मंडळी, या पाच तऱ्हा सांगण्यामागे एक सूत्र आहे. आमच्या धंद्यात गर्दी आणि सभा यांत फरक करावा लागतो. अपघात झाला की गर्दी जमते. तिला जमवण्यास कौशल्य लागत नाही, आणि ती पांगल्यावर मागे काही उरत नाही. सभेतला माणूस मात्र स्वतःचे काहीतरी तेथे घालतो: एक होकार, एक शंका, निदान एक घोषणा. कीर्तनकार शेवटचा शब्द मुद्दाम गिळतो आणि तो श्रोत्यांच्या तोंडून काढून घेतो. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर गिरणगावात उभे राहत तेव्हा मागचे झीलकरी म्हणजे साऱ्या मैदानाचे प्रतिनिधी असत. गीतचित्रांचेही तसेच आहे. काही चित्रे डोळ्यांवर भडिमार करतात. ठेक्याच्या प्रत्येक घावाला दृश्य बदलते आणि आपल्याला पापणी लववण्याची उसंत मिळत नाही. ती आपल्याला खिळवतात, यात शंका नाही. पण संपल्यावर काय पाहिले ते सांगता येत नाही. दुसरी चित्रे कोठेतरी रिकामी जागा ठेवतात आणि ती भरण्याचे काम आपल्यावर सोपवतात. जे काम आपण केले त्याची आपल्याला आठवण राहते.

लहानपणी आमच्या चाळीत दूरदर्शनचा संच एकच होता. गुरुवारी छायागीत लागले की, त्या खोलीत मुंगी शिरावयास जागा नसे. मला बहुधा गॅलरीत उभे राहावे लागे. गाणे ऐकू येई, दिसत मात्र पुढच्यांची डोकी. मग मी गाण्याची चित्रे मनात काढीत असे. पुढे ती गाणी प्रत्यक्ष पाहिली तेव्हा काही ठिकाणी माझेच चित्र बरे होते असे वाटले. आजच्या मुलाला गॅलरीत उभे राहावे लागत नाही, याचा मला आनंद आहे. त्याच्या मनात चित्र काढण्याची सवय मात्र राहावी एवढेच मला वाटते.

आता त्या सात जणांचा हिशेब.

कामावरून काढल्यावर ती मुले माझ्याकडे आली. मला वाटले, शिव्या देतील. पण गाणे रचणारा मुलगा म्हणाला, "काका, दुसरे करू या." मी नको म्हटले. माझा धीरच खचला होता. तो म्हणाला, "या वेळी चेहरा दाखवायचा नाही." मग आवाज? आवाजही ओळखतील, म्हणून गाणेही म्हणायचे नाही. फक्त हलगी वाजवायची आणि गाण्याचे शब्द पुठ्ठ्यांवर लिहून एकेक पुठ्ठा हातांत धरायचा. चित्रात हात तेवढे दिसायचे. कोणाची दोन बोटे नव्हती, कोणाचा अंगठा अर्धा होता.

मला शंका आली. मी म्हटले, "अरे, हातांवरूनही ओळखतील."

तो म्हणाला, "काका, साहेबांनी आमचे हात कधी बघितलेत?"

मी काही बोललो नाही. तीस वर्षे मी भाषणात 'कष्टकऱ्यांचे हात' म्हणत आलो होतो, पण त्या मुलांच्या हातांकडे मीही कधी धड पाहिले नव्हते.

ते चित्र पहिल्याइतके पसरले नाही. नाच नव्हता, सूर नव्हता. पण फाटकासमोरच्या टपरीवर मुले ते एकमेकांना दाखवीत आणि पुठ्ठा आला की, त्यावरचे शब्द स्वतःच्या तोंडाने म्हणत. हलगीचा ठेका होता. शब्द पाहणाऱ्याचे होते. एका मुलाची आई ते पाहून म्हणाली, हा माझ्या मुलाचा हात. ती त्या संध्याकाळी आमच्या बैठकीला आली आणि येताना वस्तीतल्या चार बायकांना घेऊन आली. त्याआधी आमच्या बैठकीला बाई म्हणून कोणी आली नव्हती.

पुढे वाचनालयातल्या तरुण मित्राने मला 1965 सालचे एक चित्रण दाखवले. लंडनमध्ये सॅव्हॉय हॉटेलाच्या मागच्या गल्लीत बॉब डिलन हा अमेरिकन कवी-गायक उभा आहे. त्याचेच गाणे वाजते आहे, पण तो गात नाही. हातांत पुठ्ठे आहेत, त्यांवर गाण्यातले शब्द लिहिले आहेत, आणि एकेक पुठ्ठा तो खाली टाकतो आहे. काही शब्द मुद्दाम चुकीचे लिहिलेले आहेत. शेवटी तो तेथून निघून जातो. बस्स, एवढेच. पेनेबेकर यांच्या 1967 सालच्या अनुबोधपटाची सुरुवात या दृश्याने होते. आमच्या मुलांनी डिलनचे नावही ऐकलेले नव्हते. त्याने जे लहरीने केले ते त्यांनी भीतीपोटी केले. पण दोघांच्या हाती एकच युक्ती लागली: गाणाऱ्याने तोंड मिटले की, पाहणारा तोंड उघडतो.

परिणाम काय झाला, असे आपण विचाराल. कारखान्याच्या काही यंत्रांना जाळ्या बसल्या, सगळ्यांना नाही. सात जणांपैकी चौघांना कामावर परत घेतले. तिघांना घेतले नाही. गाणे रचणारा त्या तिघांपैकी एक होता. तो आता दुसऱ्या गावी मालाच्या गाडीवर आहे. चित्राने हे घडले असे मी म्हणत नाही. त्यामागे पाच महिन्यांच्या खेपा आणि वाटाघाटी होत्या. आणि चित्राने ज्यांचे गेले त्यांचे गेलेच, हेही मी विसरत नाही.

आपल्या घरांतली मुले रात्री अंथरुणात मोबाइलवर गाणी पाहत असतात. त्यांच्या हातून तो हिसकावू नका. माझा अनुभव असा की, हिसकावलेली वस्तू पांघरुणाखाली जाते. एखाद्या रात्री त्यांच्या शेजारी बसा आणि एक गाणे दोनदा पाहा. पहिल्यांदा ती दाखवतील ते पाहा. दुसऱ्यांदा मागे कोण नाचते आहे ते पाहा, आणि मुलांना विचारा, यात तुझ्यासाठी कोठे जागा ठेवली आहे? उत्तर आले नाही तरी चालेल. प्रश्न त्यांच्यापाशी राहील.